उगवणकाकांचा कॉम्प्युटर

आमच्या गल्लीत कुणाचं लग्न ठरो, कुणाला नोकरी लागो, नाहीतर कुणी नवीन दुकान टाको, नामदेवकाका पेढा हातात घेण्याआधी एकच विचारायचे, "उगवण किती?"

आता लग्नाला कसली आलीय उगवण? पण काकांना ते सांगणार कोण. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी उभी हयात काढली होती. काम एकच. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी करून ठेवायची आणि काही दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. बरे आले तर माल बाजारात, कमी पडले तर सगळा लॉट बाद. तिथं वशिला नाही की गयावया नाही. खुद्द मालकाच्या मेव्हण्याचा लॉट त्यांनी बाद केला होता, आणि हा किस्सा ते स्वतःच्या लग्नापेक्षा जास्त रंगवून सांगायचे.

रिटायर झाले तरी खोड गेली नाही. घरात मूग आले की मूठभर भिजत घालायचे, उगवण काढायची आणि कमी निघाली की पिशवी परत. आमचा किराणावाला त्यांना लांबून येताना बघूनच पोतं बदलायचा. माणसांनाही तेच माप. पोरगा दिसायला देखणा पण कामाला शून्य असला की काकांचा निकाल तयार, "टप्पोरं हाय, पण पोचट." मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवून मला म्हणाले होते, "पासष्ट. पाणी बराबर दिलं तं येईल." तेव्हा मी नवी नवरी, मला केवढा राग आला होता. आता वाटतं, पाच जास्तच दिले त्यांनी.

पुढे मी स्टेशन रोडला कॉम्प्युटरचा क्लास काढला. दहा बाय पंधराची खोली, चार मशिनं आणि दारावर रंगवलेली पाटी. पहिल्याच दिवशी काका हजर. पेढा, आणि लगेच, "उगवण किती?" मी म्हणाले, काका, अजून पेरणीच चालू आहे. या उत्तरावर ते इतके खूश झाले की दोन महिन्यांनी स्वतःच क्लासला येऊन बसले. बदनापूरहून रेल्वेनं येणाऱ्या कॉलेजच्या पोरी आणि त्यांच्यात हे, डोक्याला टोपी, कपाळाला गंध. माउस चिमटीत असा धरायचे की जणू ज्वारीचा दाणा उचलतायत. पण त्यांना शिकायचं होतं फार थोडं. टायपिंग नको, हिशेब नको. "आवाज कसा टेप करायचा, तेवढं दाव. मला संशोधन करायचंय," म्हणाले. कसलं संशोधन विचारलं तर बियाण्याची निरीक्षणं तोंडी नोंदवणार म्हणे. बियाण्याचा माणूस, तोंडी नोंदवेल नाहीतर नाचून नोंदवेल, मला काय. मी माइक कुठं लावायचा, कुठलं बटण दाबायचं ते शिकवलं. आठवडाभरात काकांच्या घरी जुना कॉम्प्युटर आला आणि त्याच्यावर काकूंच्या हातची क्रोशाची झालरही आली.

इंदूकाकूंबद्दल सांगायचं तर त्यांच्या आवाजाबद्दलच सांगावं लागेल. काय तो आवाज. काकू बोलायला लागल्या की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नसत. काका कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर असायचे आणि काकू माडीवरून हाक मारायच्या. काकांच्या आधी टपरीवाला उठायचा. त्या हाकेला काकांचं उत्तर ठरलेलं, "आलो, आलो." हातातला कप खाली ठेवायच्या आधी "आलो" निघालेलं असायचं.

मग काकूंचा घसा बिघडला. औरंगाबादला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. परत आल्या त्या मुक्याच. गल्लीला ते सवयीचं व्हायला फार दिवस लागले. एकदम सगळीकडे शांत शांत, कुणीतरी चालू रेडिओ बंद करून गेल्यासारखं. पण काकू म्हणजे काकू. त्यांनी स्टीलचं ताट घेतलं आणि पळी घेतली. चहाला हलका ठोका, जेवणाला जोरात, आणि राग आला की नुसता खणखणाट. काका त्यालाही "आलो, आलो" म्हणायचे. फक्त आता उठायला वेळ लावायचे.

कारण आता ते दुपारभर त्या कॉम्प्युटरपुढे बसायचे, कानाला हेडफोन लावून. एकटेच हसायचे, मान डोलवायचे, मध्येच "हो, हो" म्हणायचे. खिडकीतून सगळ्या गल्लीला दिसायचं. कुणी म्हणालं पिक्चरची गाणी ऐकतात, कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला. विचारलं तर एकच, "संशोधन चालू हाय."

एकदा काकू माझ्या घरी आल्या. त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला, मग ताट वाजवल्याची खूण केली, मग दोन्ही हातांनी कान झाकले आणि आपल्या घराकडे बोट दाखवलं. मला समजायला वेळ लागला नाही. माझा आवाज गेला, आणि माझं ताटही ऐकू नये म्हणून हा माणूस कान बुजवून बसतो. असं त्या म्हणत होत्या. डोळे भरले होते त्यांचे. मला असा संताप आला की विचारू नका. संध्याकाळी काकांना रस्त्यात गाठून सुनावलं, काका, बियाण्याचं पुष्कळ झालं, जरा घरच्या माणसाकडे कान द्या. "तुला न्हाई समजायचं, सुनीते," एवढंच म्हणून निघून गेले.

आणि पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी माझ्या क्लाससमोर रिक्षा थांबली. आतून काका उतरले. मांडीवर बियाण्याची गोणी, गोणीत कॉम्प्युटरचा डबा. चप्पल एका पायात एक, दुसऱ्यात दुसरीच.

"बंद पडला," म्हणाले. "काल रात्रीपासनं चालूच होऊन न्हाई राह्यला. डबा गेला तं जाऊ दे, सुनीते. आतलं समदं पाहिजे मला."

एवढा घाबरलेला चेहरा मी काकांचा कधी बघितला नव्हता. मी शेजारच्या मोहसीनभाईंना हाक मारली. त्यांचं बॅटरी, इन्व्हर्टर आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्यांनी स्क्रू काढले, बाजूचा पत्रा सरकवला आणि आतून भसकन वाळका पाला खाली पडला. कडुलिंबाचा. पाठोपाठ दोन डांबरगोळ्या गडगडत बाकाखाली गेल्या.

मोहसीनभाई पाल्याकडे बघत राहिले. "काका, ये क्या करके रखे? कॉम्प्युटर है के गव्हाची कोठी?"

काका म्हणाले, झुरळं शिरायला लागली होती, मग कोठीत घालतो तसा पाला घातला. वर अंगावरच आले, "एक कीड दावा आतमधी. एक." खरंच एकही नव्हती. पाल्याचा चुरा पंख्यात अडकून पंखा मात्र जाम झाला होता, आतलं सगळं तापून जळकट वास मारत होतं. बियाण्याच्या माणसानं कॉम्प्युटरची साठवण अगदी शास्त्रोक्त केली होती.

मोहसीनभाईंनी आतली हार्ड डिस्क काढली. डायरीएवढी चपटी लोखंडी पेटी, सगळा साठा तिच्यात. ती माझ्या मशीनला वायरनं जोडली. चालू केल्यावर आतून टक टक आवाज यायला लागला. मोहसीनभाईंचा चेहरा पडला. असा आवाज आला की डिस्क कधी मान टाकेल याचा भरोसा नसतो, ते म्हणाले, जे निघेल ते जल्दी काढून घ्या. काकांनी मात्र डिस्कला कान लावला आणि हळूच म्हणाले, "जीव हाय."

पडद्यावर फोल्डर उमटलं. नाव "संशोधन". आत ओळीनं लॉट एक, लॉट दोन, लॉट तीन, खाली कितीतरी. मी कॉपी सुरू केली आणि ती निळी पट्टी सरकायला लागली. आता क्लास कसला होतोय. बदनापूरच्या पोरी खुर्च्या सोडून माझ्या पाठीमागे. पट्टी सरकली की "सरकली, सरकली", थांबली की सगळ्यांचे श्वास थांबले. डिस्क तापायला लागली म्हणून एकीनं टेबलफॅन उचलून तिच्यावर धरला, दुसरीनं वहीनं वारा घातला. काका बाकाच्या कडेला बसून दर मिनिटाला विचारत होते, "उगवण किती?" मी वीस म्हणाले, पंचवीस म्हणाले, मग चिडून म्हणाले, काका, कोंब उपसून बघू नका.

पट्टी अर्ध्यावर आली आणि लाइट गेली.

यूपीएस बोंबलायला लागला. टीं, टीं, टीं. तो जुनाट, पाच मिनिटांच्या वर काही टिकत नसे, आणि त्या दिवसांत गेलेली लाइट तासाच्या आत येत नसे. काका उभेच राहिले. मोहसीनभाई धावत त्यांच्या दुकानात गेले आणि कुणीतरी चार्जिंगला ठेवलेली ट्रॅक्टरची बॅटरी पोटाशी धरून घेऊन आले. मागून दोन पोरी इन्व्हर्टर घेऊन. वायर जोडता जोडता ठिणगी उडाली, एक पोरगी किंचाळली, यूपीएसनं शेवटचा आचका दिला आणि तेवढ्यात इन्व्हर्टरचा दिवा लागला. मशीन चालूच राहिलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्याची बॅटरी होती तो भोकरदनचा माणूस संध्याकाळी येऊन काय काय बोलला ते इथं सांगत नाही.

पट्टी शेवटाला लागली. डिस्कनं दोनदा टक टक केलं आणि कायमची गप्प झाली.

मी एकेक लॉट उघडून बघायला लागले. पहिला उघडेना. दुसरा उघडेना. नावं होती, आत काही नव्हतं. मी खाली खाली जात राहिले. काकांची तर नजर ढळत नव्हती. आयुष्यभर कमी उगवणीचे लॉट उकिरड्यावर फेकायला सांगणारा हा माणूस, त्याला मी आता काय आकडा सांगू?

"उगवण किती?" या वेळी फार हळू विचारलं.

"एकच, काका. लॉट नऊ."

काकांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "एक बी लई झाला."

मी लॉट नऊवर क्लिक केलं. काका एकदम हात पुढे करून म्हणाले, "हेडफोन, हेडफोन लाव." पण उशीर झाला होता. क्लासला शिकवायचे मोठे स्पीकर जोडलेले होते, आवाज पूर्ण सोडलेला, आणि त्यातून इंदूकाकू कडाडल्या,

"अहो, कुठं जाऊन बसलात? भाकर गार होऊन राह्यली. ते बियाणं काय पळून चाललंय का? आधी जेवून घ्या, मंग बसा मोजत."

आणि काका ताडकन बाकावरून उठले. "आलो, आलो," म्हणाले.

कुणी हसलं नाही. मला तेव्हा सगळं उलगडत गेलं. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधीच सांगितलं असणार आवाज जाणार म्हणून, आणि या माणसानं माझ्याकडून माइक लावायला शिकून घरभर काकूंच्या मागे मागे फिरून त्यांचं ओरडणं साठवून ठेवलं होतं. भजनं नाहीत, गाणी नाहीत. भाकर, दूध, पाणी आलं, उठा आता. दुपारभर हेडफोन लावून ते हेच ऐकत होते. आणि मी त्यांना घरच्या माणसाकडे कान द्या म्हणून सुनावून आले होते.

तेवढ्यात दारात कुणीतरी हललं. इंदूकाकू उभ्या होत्या. नवरा उपाशीपोटी निघून गेला म्हणून डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी किती ऐकलं होतं? सगळंच. त्या स्पीकरचा आवाज स्टेशनपर्यंत गेला असेल.

काकांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. "तुझ्यासमोर लावत नव्हतो," ते खाली बघत म्हणाले. "म्हटलं, ऐकलं की तुला वाईट वाटंल. तुझ्याशिवाय घर लई सुनं लागतंय, इंदू. तू घरातच हायस, तरी बी."

काकू आत आल्या, माझ्या मशीनकडे बोट दाखवलं आणि बोट गोल फिरवलं. पुन्हा लाव. मी पुन्हा लावलं. काकू मान कलती करून ऐकत होत्या, दुसऱ्याच कुणा बाईचं भांडण ऐकावं तशा. "बियाणं काय पळून चाललंय का" या ठिकाणी त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. आवाज नव्हता, पण हसणं अगदी पहिल्यासारखं होतं. पदरानं डोळे पुसले आणि परत बोट फिरवलं. मी तिसऱ्यांदा लावलं. बदनापूरच्या पोरींची गाडी त्या दिवशी चुकली, पण एकही जागची हलली नाही.

मग काकूंनी डबा बाकावर ठेवला, उघडला, भाकरीला हात लावून बघितला. गार झाली होती. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, चमचा उचलला आणि डब्याच्या झाकणावर खाडकन मारला.

काका त्यांच्याकडेच बघत होते.

"आलो, आलो," ते म्हणाले, आणि लगेच जेवायला बसले.