महादेवीबाईंनी धरलेला खांब

"हत्ती बसवा त्याच्यावर, हत्ती!"

राणीसावरगावच्या रामलिंगअप्पांनी तुषार सिंचनाचे चार जुने, उंच, सडपातळ पाइप अंगणात रोवले, वर फळी ठोकली आणि फळीवर कूलर चढवला. सोनपेठहून लेक स्वप्नाला मागणी घालायला पाहुणे येणार. वारा कसा वरून पडला पाहिजे!

चाचणी?

झाली की! पाइप लिंबाला टांगून अप्पा स्वतः त्याला लोंबकळले होते.

"वाकला का?"

"न्हाई," त्यांची बायको महादेवीबाई म्हणाल्या. "पण तुमी खालून ओढायलाव. कूलर वरून दाबणार हाय."

"वजन ते वजन! खालून काय, वरून काय!"

पाहुणे बसले. अप्पांनी टाकीत पाणी सोडलं.

टाकी अर्धी. खांब ताठ.

टाकी पाऊण. खांब ताठ!

अजून थोडं, आणि...

एका खांबाला पंगतीतून उठल्यासारखं पोट सुटलं!

पोहे घेऊन आलेल्या महादेवीबाईंनी खांबाच्या पोटावर तळहात टेकवला. खांब सरळ. हात काढला. पोट. टेकवला. सरळ! ताकद लागेना, पण जागा सोडता येईना.

"बसा की, बाई," मुलाची त्रिवेणीआत्या म्हणाली.

"हितंच बरी हाय."

"सुपारी फोडायची हाय!"

"फोडा की. मी बघायलेय."

अप्पांकडे बघावं, तर अप्पा आभाळाकडे बघायलेले! आत्या कुजबुजली, "आईला पोरगा पसंत दिसंना." मुलाचे वडील शिवकांतअप्पा उठलेच. "निघतो आमी."

दारामागे स्वप्नाचे डोळे भरले. मुलगा, मल्लेश, तिला मनापासून आवडला होता.

"थांबा!" महादेवीबाई धावल्या. दोन्ही हात जोडून.

दोन्ही!

कूलर कलला. टाकीतलं सगळं पाणी शिवकांतअप्पांच्या डोक्यावर!

आणि रिकाम्या कूलरखाली तो खांब पुन्हा ताठ. जसं काही झालंच नाही! वाकला, पण मोडला नाही. कुणाला खरचटलं नाही. रामलिंगअप्पांनी मनातल्या मनात त्याला दंडवत घातला.

महादेवीबाईंनी सगळं सांगून टाकलं. शिवकांतअप्पांनी मिशीतलं पाणी निपटलं.

"म्हंजे आमच्या डोक्यावर पडू नये म्हणून उभ्या होतात? शरणार्थी, बाई, नमस्कार तुमाला! उन्हात एसटीत उभ्यानं आलो, आता जीव थंड झाला. अशा माउलीची पोरगी मिळायली, नशीब आमचं!"

रामलिंगअप्पांना हुंदका आवरेना. बायकोकडे बघून म्हणाले, "लय उपकार झाले तुझे."

"पुढच्या महिन्यात लग्न," व्याही म्हणाले. "अट एकच."

"बोला, व्याही, बोला!"

"मांडव आमच्या दारात. तुमी निस्तं जेवायला या."