दीड पोत्याचे गाणे

बीबी गावातली उकंडरावांची डाळमिल तीस वर्षे विनातक्रार खडखडत होती. त्या आवाजात दोन पिढ्या जन्मल्या, शिकल्या आणि थोड्या बहिऱ्याही झाल्या. गावाची शांतता भंगली ती उकंडरावांच्या शेखरने त्याच आवाजाला संगीत म्हटले तेव्हा.

शेखर आणि त्याची बहीण छाया यांचा इंडस्ट्रियल मेटल बँड होता. पहिल्या अल्बमचे नाव ‘भरडा’. तालाला मिलचे जुने यंत्र, गिटार शेखरची, किंचाळणे छायाचे. यंत्र सोमवारी भंगारात जाणार होते, म्हणून रविवारीच सगळे ध्वनिमुद्रण उरकणे भाग होते. पहिले गाणे निम्मे झाले तोच तक्रारीवरून तालुक्याहून साहेब आले.

“मिल चालवायची परवानगी आहे. गाण्याची आहे का?”

“साहेब, आवाज तोच हाये ना,” शेखर म्हणाला.

“आवाजाला हरकत नाही. त्यातून काय निघते, ते पाहावे लागेल.”

उकंडरावांनी असे साहेब पुष्कळ पाहिले होते. “शेखर, तूर टाक बे,” ते म्हणाले.

तूर पडली, डाळ निघाली, गाणे कायदेशीर झाले.

“या बाई का ओरडतायत?”

“मजुरायवर,” छाया म्हणाली.

“मग चालू द्या.”

मात्र प्रत्येक गाण्यातून डाळ निघते ना, हे बघायला साहेब खुर्ची टाकून बसले. दुसरे गाणे दीड पोते भरले, मंजूर. तिसरे संथ होते, शेखरने ते जाणाऱ्या यंत्रासाठीच लिहिले होते. त्यातून नुसती चुनी निघाली, डाळीचा चुरा. साहेबांनी ते नामंजूर केले. शेखरचे डोळे भरून आले.

“रडून काऊन राह्यला? पट्टा ताण,” उकंडराव म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच ताणला.

तेच गाणे दुप्पट वेगाने वाजले आणि अल्बममधले सर्वोत्तम ठरले. दोन पोती! साहेबांनी नमुना म्हणून दहा किलो डाळ नेली.

सोमवारी जुने यंत्र गेले, नवे आले. डाळ पिशव्यांत भरली, पिशवीवर गाणी ऐकण्याचा कोड छापला. आठवड्यात सगळ्या पिशव्या संपल्या. सुलतानपूरच्या तानाबाईंचा शेखरला फोन आला. “लय मस्त हाये बापू! एका शिट्टीत शिजते.”

“अन् गाणे, मावशी?”

“गाणे कायचे? खडा एक नाही निंगाला!”

हसू नका. इथवर वाचून तुम्हीही एकाही गाण्याचे नाव विचारले नाही; ती डाळ अजून मिळते का, एवढेच मनात आले. मिळते. बीबीत डाळमिल विचारा, कोणीही दाखवील. अल्बम विचारू नका, उगाच परवानगी मागतील.