शेंगा सोला, मग बोला

थूलभाऊ कोणालाही नाव विचारत नाहीत. दार वाजलं की 'कोण?' न म्हणताच उघडतात. शेजारी म्हणून आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असते. एकदा मी सावंगीहून दवाखान्यातली ड्युटी करून आले, तर माझ्या पलंगावर कोणीतरी बाई घोरतेय. हिंगणघाटची नणंद निघाली, हे नशीब.

"किल्ली कोणाला देतोय, एवढं तरी विचारायचं!"

"काऊन पुसू, वैनी? तिले घरात जायचं होतं, किल्ली माह्यापाशी होती."

भाऊ टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, एकटे. त्यांच्या बैठकीत एक काळा संगणक कायम घरघरत असतो. आपलं नाव-गाव कळू न देता माणसाला बोलता यावं म्हणून हौशी लोकांनी जगभर एक जाळं विणलंय. त्यांची यंत्रं एकमेकांकडे जणू बंद पाकिटं सरकवत राहतात. त्यातलं एक यंत्र भाऊंचं. पाकीट कोणाचं, आत काय, त्यांना ठाऊक नाही.

"चोरही पाठवत असतील," मी म्हटलं.

"असन. फोनवरही चोर बोलतच होते. म्हणून का तार कापाची?"

मागच्या हिवाळ्यात कोणीतरी त्या जाळ्यात खोटी गर्दी सोडली. लाखो खोट्या हाका, खऱ्याला वाटच मिळेना. भाऊंचं यंत्र तापलं. भाऊ टेबलफॅन लावून त्याच्या उशाशी बसले, ताप आलेल्या पोराजवळ बसावं तसे. मी दिलेला डबा तसाच परत यायचा.

मग देशोदेशीच्या या बिनपगारी मंडळींनी एक उपाय चालू केला. येणाऱ्या प्रत्येक संगणकाला दारातच एक छोटं गणित घालायचं. एकट्यादुकट्याला ते जड जात नाही. लाख खोट्या हाका मारणाऱ्याला लाख गणितं सोडवावी लागतात. तो दमतो.

भाऊंना हे इतकं पटलं की त्यांनी ते घरालाही लागू केलं. दारात सुपात तुरीच्या शेंगा. "शेंगा सोला, मग बोला." गॅसवाल्याने मुकाट्याने सोलल्या. वर्गणीवाले पळाले. मतदारयादीवाल्या मॅडम दाण्यांची आमटी कशी करायची तेही सांगून गेल्या. आणि मी? दिवसभर उभं राहून पाय मोडलेले, आणि स्वतःच्याच किल्लीसाठी रोज मूठभर शेंगा.

एका संध्याकाळी माझं डोकं फिरलं. यंत्र पुन्हा अडकलेलं, डबा सकाळपासून न उघडलेला.

"बंद करा हो ते! त्या गर्दीत कोण बसलंय तुमचं?"

भाऊ शेंग सोलत राहिले. मग म्हणाले, "ट्रंक कॉल लावून द्याच्या कामावर होतो, तवाची गोष्ट हाय. एक बाई लाइनवर आली. लई हळू बोलून राह्यली होती. 'माह्या मायले लावून द्या भाऊ, लवकर.' नियम होता, आधी नाव पुसाचं. मी पुसलं."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तिनं फोन ठेवून देल्ला. मंग कधी आलीच नाई."

"कोण होती?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तेच त पुसलं होतं मी, वैनी."

मी किल्ली मागितली नाही. डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला आणि सूप माझ्याकडे ओढलं.