मागल्या गावातला भागाकार

अपूर्णांकांच्या बेरजेत मला हरवणारं त्या काळी अख्ख्या नागपुरात कुणी नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगते. श्रेय आमच्या बाबांचं. भाड्याचं घर त्यांना कधी पटायचंच नाही. कोराडीला वीजकेंद्राची राख उडते, सक्करदऱ्याला तलावाचे डास चावतात, असं करत पंच्याहत्तर साली आम्ही वर्षात तीन घरं केली. प्रत्येक नव्या शाळेत मी पोचावं आणि फळ्यावर नेमके अपूर्णांक सुरू व्हावेत! मोठे भागाकार मात्र कुठे मी येण्याआधीच होऊन गेलेले, तर कुठे मी गेल्यावर व्हायचे.

तिसरं घर लकडगंजात. भर डिसेंबरात मला शाळेत घेणार कोण? हेडमास्तर कृष्णकांत गुरुजी म्हणाले, "परीक्षा घेतो. जमलं तर पाचवीत, नाही तर वर्ष गेलं समजा."

मी बाबांच्या मागे सरकले.

"काहून घाबरून राहिली वं?" बाबा म्हणाले. "दोन शाळांचं पाणी पिऊन आली तू."

गुरुजींनी फळ्यावर काय लिहावं? अपूर्णांक! ते घालत गेले, मी सोडवत गेले. गुरुजी खूश.

"अनंतराव, या पोरीले पाचवीत काहून सडवता? सहावीत बसवा."

"एखादा भागाकार विचारून पाहा ना," सोबत आलेली आई पुटपुटली. पण बाबा तोवर गल्लीत बातमी सांगायला निघालेसुद्धा. संध्याकाळी घरमालकीण पार्वतीबाईंनी आपली दोन्ही पोरं माझ्याकडे शिकवणीला धाडली.

सहावीच्या पहिल्याच चाचणीत सगळे भागाकार आले. मला शून्य. गुरुजींनी बाबांना बोलावलं. "महिनाभरात भागाकार आला नाही, तर चौथीत बसवीन."

बाबांनी घरी येताच ट्रंक ओढली. "हे गल्ली आपल्याले लाभत नाही. घर बदलू."

आई ट्रंकेवर बसली. "ट्रंक हलणार नाही. पोरीले भागाकार शिकवा."

बाबा पाटी घेऊन बसले. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी खालमानेनं म्हणाले, "आमचे बाबा पोस्टमास्तर होते. सात गावी बदली झाली. भागाकार दरवेळी मागल्या गावातच राहून जाये."

चौथीपर्यंत एकाच गावात, एकाच शाळेत शिकलेल्या आईनं मग आम्हा दोघांना शेजारी शेजारी बसवलं. महिनाभरात मला भागाकार आला आणि मी सहावीत टिकले.

बाबांचं विचारू नका. ते म्हणतात, आईची शिकवण्याची पद्धतच बरोबर नाही.