पासवर्डाचं गाऱ्हाणं

धंद्यातला माझा निर्णय कधी चुकत नाही! कारण देवाचा कौल घेतल्याशिवाय मी पाऊलच उचलत नाही.

कोरगावात आमची काजू भाजायची भट्टी. पणजीच्या एका मोठ्या हॉटेलने कळवलं, 'वेबसाईट दाखवा, भाव ईमेलवर पाठवा.' ही ऑर्डर हुकली की यंदा भट्टीला टाळं! बायको विनोदिनी हे उठता-बसता ऐकवत होती. मी वेबसाईट आणि ईमेल ठेवायला दोन कंपन्या हेरल्या, एक बेळगावची, एक परदेशी. दोन्हीकडे महिनाभराचं फुकट खातं उघडलं. पण कायमची कोणती धरायची? गेलो देवळात!

सोमवार होता, देऊळ भरलेलं. देवळाचे मानकरी गुरुदास गावकर माझ्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायला उभे राहिले.

"आनी कितें सांगपाचां उरलां, कृष्णनाथ?"

"फक्त पासवर्ड."

"तोय सांग. देवाक अर्धां सांगलां तर कौलय अर्धोच मेळटा!"

पटलं. देवापासून काय लपवायचं? काजूच्या फळावरून ठेवलेला तो मी त्यांच्या कानात सांगितला. आणि गावकरांनी खड्या आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! ह्या लेकराचो पासवर्ड 'बोंडू एक दोन तीन'! तो कोणाक फोडूंक दिवूं नाका रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं देऊळ गरजलं.

मी गार! गावकरांचं पुढे चालूच, "बेळगावची कंपनी धरून धंदो वाडटलो आसत, तर उजवी पाकळी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी टपकन पडली. त्या आनंदात मी पासवर्डाचं विसरूनच गेलो.

दोन दिवसांनी वेबसाईट उघडली आणि माझे डोळे पांढरे व्हायचे बाकी राहिले! माझ्या काजूंच्या फोटोच्या जागी गावातल्या साईशची जुनी स्कूटर, 'विकणे आहे'. खाली जत्रेतल्या नाटकाची तालीम किती वाजता, त्याची सूचना. आणि सगळ्यात वर, शेजारच्या सरस्वतीकाकीची आमसुलं, रंगीत फोटोसकट!

"अहो, ईमेल बघा!" विनोदिनी किंचाळली.

हॉटेलने भाव विचारला होता. उत्तरं गावाने देऊन टाकली होती! एकाने लिहिलं होतं, 'कृष्णनाथ मनीस बरो. पूण गेल्या वर्साचे काजू इल्ले वलसर आशिल्ले.' ओलसर! हे खरं होतं, पण लिहायचं असतं का?

काकीने लिहिलं होतं, 'काजू खाल्यार पित्त वाडटा. माजीं सोलां घेयात.'

मी तरातरा काकीच्या अंगणात गेलो. "काकी, माझ्या ईमेलमध्ये तू कशी शिरलीस?"

"शिरलें कितें? देवळांत सगळ्यांमुखार सांगलो न्हय रे पूता? म्हाका दिसलां, गावाचोच तो!"

संध्याकाळी हॉटेलचं उत्तर आलं. 'आमसुलं दोनशे किलो पाठवा. काजूंचं पुढच्या वर्षी बघू.'

भट्टीला टाळं लागलं. हल्ली विनोदिनी काकीकडे आमसुलं वाळवायला जाते, आणि मी ती पोत्यात भरतो.

देवाला मात्र मी बोल लावत नाही. कौल खराच होता, धंदा वाढलाच की! गाऱ्हाण्यात पासवर्डसुद्धा घातला मी. कोणाचा धंदा, तेवढं सांगायचं राहिलं.