टोमॅटोला बोईची मुंडकी

टोमॅटोच्या डब्यात बोई माशाची मुंडकी पुरायची, एवढंच मी ठरवलं होतं. माणसं याहून मोठे निर्णय घेतात आणि सुखरूप निभावतात. (मी लग्नसुद्धा केलं आहे.)

त्याचं असं झालं. करोनामुळे कचेरी बंद, सारं अलेक्झांड्रिया घरात कोंडलेलं. आमच्या सौसनने तुपाच्या रिकाम्या डब्यांतून गॅलरीत बाग फुलवली होती. पुदिना, मुलूखियाची भाजी आणि तिचे लाडके टोमॅटो. त्या बागेत माझं काम एकच, तिच्याकडे बघत चहा पिणं. मग सौसनला ताप आला, तपासणीत करोना निघाला आणि ती मागच्या खोलीत दार लावून बसली. बाग आली माझ्या गळ्यात.

रोज सकाळी मी दाराबाहेरून विचारायचो, "ताप कसा आहे?"

"उतरतोय. टोमॅटो कसे आहेत?"

"झकास!"

(दोघंही खोटं बोलत होतो.)

ताप पुढे खरंच उतरला, पण वास काही येईना, चवही नाही. एकदा तिने पुदिन्याची काडी मागितली. मी दाराशी ठेवून लांब झालो. तिने हुंगून पाहिली. मग म्हणाली, "अहो, याला काहीच वास नाही हो. कागद हुंगल्यासारखं वाटतंय." आणि रडायलाच लागली. डॉक्टर फोनवर म्हणाले, वास येईल, कधी ते सांगता येत नाही. मला काही सुचेना. बायकोच्या नाकाचं काही आपल्या हातात नाही, निदान तिचे टोमॅटो तरी वाचवू, असं वाटलं.

कचेरीतला दोस्त सबरी फोनवर म्हणाला, "माशाची मुंडकी पुर. झाड कसं तरारतं बघ!" पुढे तो आणखी काही बोलला, पण आवाज तुटत होता. (तो म्हणत होता, "खोल पुर." हे मला फार उशिरा कळलं.)

मी खालच्या मासेवालीसाठी दोरीला टोपली सोडली, मुंडकी, कल्ले, आतडी सगळं वर ओढून टोमॅटोच्या डब्यात घातलं आणि त्यावर मूठमूठ माती पसरली.

दोन दिवस कडक ऊन पडलं. आधी गल्लीतल्या मांजरी समोरच्या कठड्यावर सभा भरवून बसल्या. मग खालच्या मजल्यावरून हाज्जा तफीदाचा आवाज आला. हाज्जा म्हणजे हज करून आलेली बाई, आणि आमच्या इमारतीची पोलीसचौकी.

"अरे रिफअत! तुझ्या घरात काही मेलंय का रे?"

"नाही हाज्जा, सगळं ठीक आहे." (खानदानी कारकून आहे मी. चूक लगेच कबूल करत नाही.)

"मग सौसन कुठाय? चार दिवसांत तिचा आवाज नाही."

"झोपली आहे."

"कधीपासून?"

"बरेच दिवस. आजारी आहे ना!"

मग हाज्जाचा आवाज कापरा झाला. "आणि... उठेल ना रे ती?"

वरच्या मजल्यावरचे निवृत्त भूगोल मास्तर बहगत नाकाला रुमाल लावून कठड्याशी आले आणि मेलेल्या माणसासाठी म्हणतात ती दुआ मोठ्याने म्हणू लागले. समोरच्या इमारतीतल्या खिडक्या पटापट उघडल्या. "बिचाऱ्याला सोडवत नसेल तिला," कुणी तरी म्हणालं. हाज्जा हुंदके देत ओरडली, "रिफअत, बाळा, आता तिला माती दे रे!"

मी धावत मागच्या खोलीच्या दाराशी गेलो.

"सौसन, जरा गॅलरीत ये."

"का?"

"लोकांना वाटतंय तू गेलीस."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"झोपलीय म्हटलं."

"वा! म्हणजे खात्रीच पटली असेल!"

मी स्वयंपाकघराच्या दाराआड सरलो. तोंडाला मास्क, खांद्यावर शाल अशी ती भिंत धरत गॅलरीत आली.

"तोंड दाखव गं माझे बाई!" हाज्जा ओरडली.

सौसनने मास्क खाली ओढला, हसली, आणि काही बोलण्यासाठी तिने मोठा श्वास घेतला. तोंड वाकडं झालं. नाक चिमटीत धरलं.

"ई! अहो, ही कसली घाण?"

"काय म्हणालीस?"

"मासे! सडलेले मासे! माझ्या टोमॅटोत काय घातलंत तुम्ही?" आणि बोलता बोलता थबकली. चिमूट सुटली. डोळे भरून आले. "अहो... मला वास येतोय."

मग ती पुन्हा पुन्हा श्वास घेऊ लागली. असल्या दुर्गंधीत कुणी इतक्या आनंदाने उभं राहिलेलं मी पाहिलेलं नाही. मी दाराआड ढसाढसा रडत होतो.

"तिला घाण येतेय!" हाज्जाने साऱ्या गल्लीला पुकारा केला. "देवाची कृपा! घाण येतेय हो!" बायकांनी आनंदाच्या किलकाऱ्या दिल्या. मास्तर टाळ्या वाजवू लागले, मग वास आठवून त्यांनी पुन्हा नाक धरलं.

सौसन तिथेच खुर्चीवर टेकली. "भूक लागलीय," म्हणाली. मी लगबगीने मसुराचा शोरबा वाढून समोर ठेवला आणि लांब उभा राहिलो. तिने चमचाभर तोंडात घातला, गिळला आणि वाडग्याकडे बघत राहिली.

"इतके दिवस हेच देत होतात मला?"

"हेच," मी ताठ होऊन म्हटलं. "माझ्या हातचं."

तिने दोन्ही हात आभाळाकडे उचलले. "देवा, नेमक्या वेळी माझी चव काढून घेतलीस, तुझे उपकार कसे फेडू!"

खालून हाज्जा "आमीन" म्हणाली, वरून मास्तर म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने मी म्हणालो. तोच शोरबा रोज मीही खात होतो, आणि माझी चव शाबूत होती.