केंद्रस्थानी तानू

एका जंगलात, बाळांनो, एक महाविद्यालय होतं. जंगलात महाविद्यालय कशाला, असं विचारू नका. मंजुरी आली होती, म्हणून होतं.

तिथे तानू नावाचं खवले मांजर शिकत होतं. भारी लाजरी पोर. कुणी मोठ्याने बोललं की अंगाचा चेंडू करून बसायची. पण तिच्या बिळातून शेवटच्या वर्षाला पोचलेली ती पहिलीच. अख्ख्या बिळाचा जीव तिच्या निकालात अडकला होता.

परीक्षेचा फॉर्म भरायचा तो शेवटचा दिवस. सूर्य मावळला की खिडकी बंद. फॉर्मवर प्राचार्यांची सही तेवढी राहिली होती. ती घ्यायला तानू निघाली.

प्राचार्य होते गवासाहेब. त्यांना त्याच सकाळी वरून पत्र आलं होतं : 'विद्यार्थ्याला केंद्रस्थानी ठेवावे.' वरून आलेलं पत्र साहेब शब्दशः पाळत. त्यांनी सभागृहात फक्कीने मोठं वर्तुळ आखून घेतलं आणि भोवती सगळे प्राध्यापक बसवले. मधली जागा तेवढी रिकामी होती. तिथे ठेवायला विद्यार्थी आणायचा कुठून, या काळजीने साहेब घामाघूम झाले होते.

तेवढ्यात दारात तानू दिसली.

"साहेब, एक सही हवी होती."

"अगं, देवासारखी आलीस," साहेब म्हणाले. "ये, अशी मध्ये उभी राहा."

तानू फॉर्म पुढे धरून उभी राहिली आणि बैठक सुरू झाली.

तरससर विद्यार्थ्याच्या भवितव्यावर तासभर बोलले. विद्यार्थ्याच्या अडचणी सांगताना अस्वलबाईंना गहिवरून आलं. तिकडे ऊन भिंतीवर चढत चाललं होतं आणि तानूचं सगळं लक्ष त्या उन्हाकडे.

"साहेब, सही," ती हळूच म्हणाली.

"विद्यार्थ्याबद्दल चाललंय ना? मध्ये बोलू नये."

"पण मी मध्येच आहे, साहेब."

"मध्ये ठेवलंय बाळ, मध्ये बोलायला नाही," गवासाहेब मायेने म्हणाले.

सगळे हसले. तानू एवढी घाबरली की तिचा चेंडू झाला. तिला रडू आवरेना, पण खवल्यांआड ते दिसणार कुणाला?

"बघा, साक्षात केंद्रबिंदू," अस्वलबाई म्हणाल्या. टाळ्या झाल्या. फोटो निघाला.

बैठक संपली तेव्हा उन्हाचा शेवटचा कवडसा छताला टेकला होता. तानू उठली, तशी साहेबांनीच हाक मारली.

"थांब गं, सहीचं राहिलंच की."

तानूचा जीव भांड्यात पडला. तिने फॉर्म पुढे केला. साहेबांनी हजेरीचा कागद पुढे केला.

"इथे कर. विद्यार्थी हजर होता, याला पुरावा नको का? तुझ्या फॉर्मचं उद्या बघू."

तानूने सही केली. मग बिनसहीचा फॉर्म घेऊन खिडकीकडे धावली. घोरपडबाई कुलूप लावत होत्या.

"आता पुढच्या वर्षी," त्या म्हणाल्या.

तानूचं वर्ष गेलं, हे गवासाहेबांच्या कानावर आलं. त्यांना हायसं वाटलं. पुढच्या बैठकीला मध्ये कुणाला उभं करायचं, हा प्रश्न सुटला होता.

तात्पर्य : शिकायचंच असेल तर, बाळांनो, कुणाच्या नजरेत न येता कडेकडेने शिकून घ्या. आणि कुणी मानाने मध्ये बोलावलं, तर आधी सही घ्या.